ताईची खिंड कुणी चोरली?

मुलांनो, गेल्या आठवड्यात याच पानावर मी तुम्हाला परीक्षेतल्या कॉपीबद्दल चांगलं दोन रकाने भरून ऐकवलं होतं. आठवतंय ना? आज मात्र मीच कान पकडून तुमच्यासमोर उभी आहे. हसायचं असेल तर खुशाल हसा, पण आधी हकिकत ऐका.

माझी शाळा खिंडीच्या पलीकडच्या गावात आहे. घरापासून नऊ किलोमीटर. बाकीचा रस्ता सपाट नाहीतर उताराचा, पण मधली दीड किलोमीटरची खिंड म्हणजे नुसता चढ. तेवढ्यात रस्ता शंभर मीटर वर जातो. साध्या सायकलवर होते तेव्हा पायथ्याशी आले की मी मुकाट्याने खाली उतरायची आणि सायकल ढकलत निघायची. शेतातल्या बायका बांधावरून विचारायच्या, "बाई, सायकल तुम्हाला नेते की तुम्ही सायकलीला?" शेवटी दिवाळीत मी बॅटरीची सायकल घेतली. आपण पायडल मारायचं आणि तिच्या मोटारीने आपल्या पायांना हात द्यायचा! मोटार २५० वॉटची. वेग ताशी २५ किलोमीटर झाला की ती आपोआप मदत थांबवते, म्हणून तिला लायसन्सही लागत नाही. पहिल्या दिवशी न उतरता खिंड चढले तेव्हा मला घंटी वाजवत सगळ्या गावाला सांगावंसं वाटलं होतं.

त्याच सुट्टीत माझा पुण्याला शिकणारा भाचा आला होता. त्याने माझ्या फोनमध्ये सायकलची नोंद ठेवणारं एक ॲप घालून दिलं. "मावशी, नाव काय टाकू?" मी दारातल्या झेंडूच्या माळा ओवत होते. म्हटलं, "टाक काहीतरी." त्याने खरंच 'झेंडू' असं टाकलं, वर फुलाचा फोटोही लावला. मग रोज निघताना एक बटण दाबायचं आणि शाळेत पोचल्यावर दुसरं, एवढंच मला ठाऊक.

हे ॲप काय करतं ते आधी समजून घेऊ, कारण सगळी गोम तिथेच आहे. आकाशात सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे उपग्रह सारखे संदेश पाठवत असतात. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की आपण कुठे आहोत याचं गणित फोन करतो. दर सेकंदा-दोन सेकंदाला तो आपली जागा आणि वेळ टिपून ठेवतो. आता खिंडीचा पायथा आणि खिंडीचा माथा असे दोन बिंदू कुणीतरी ॲपमध्ये ठरवून दिले, तर तिथून जाणाऱ्या प्रत्येकाला त्या दोन बिंदूंमध्ये किती वेळ लागला ते काढता येतं. मग त्याची यादी होते. अशा ॲपांमध्ये सगळ्यांत गाजलेलं नाव स्ट्राव्हाचं. २००९ साली अमेरिकेत ते सुरू झालं. त्यात चढाच्या यादीत पहिल्या आलेल्या पुरुषाला 'किंग ऑफ द माउंटन' आणि पहिल्या आलेल्या बाईला 'क्वीन ऑफ द माउंटन' म्हणतात, आणि नावापुढे छोटासा मुकुट लागतो. आपल्याकडे मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सगळ्यांच्या आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात ना, तसंच.

पण एक मोठा फरक आहे. घाटाच्या शर्यतीत सगळे एकाच दिवशी निघतात, पंच बघत असतात, लोक रस्त्याच्या कडेला उभे असतात. ॲपच्या यादीत मात्र कुणी आज एकटा चढतो, कुणी दोन वर्षांपूर्वी एकटी चढलेली असते. साक्षीदार एकच, तो म्हणजे फोन. आणि फोनला 'कुठे' आणि 'केव्हा' एवढंच कळतं. 'कशावर' ते आपण सांगावं लागतं.

ते मी सांगितलंच नव्हतं.

नाताळच्या सुट्टीआधीची गोष्ट. माझ्या चौथीच्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारा एक मुलगा आहे. एरवी डबा उघडल्याशिवाय त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. त्या दिवशी हजेरी घेताना तो एकदम म्हणाला, "बाई, आमच्या ताईची खिंड चोरीला गेली."

वर्ग हसला. मीही हसले. "अरे, खिंड कशी चोरीला जाईल?"

"खरंच, बाई. ताई रोज रडते. आधी खिंड तिची होती. आता कुणीतरी झेंडू नावाच्या बाईने घेतली."

हातातला खडू हातातच राहिला. त्याची ताई मला चांगली ठाऊक. आमच्याच शाळेतून चौथी होऊन गेली आणि आता अकरावीला आहे. वडिलांनी तिला जुनी, पण गिअरची सायकल घेऊन दिली होती. त्याच खिंडीतून ती रोज तालुक्याच्या कॉलेजात जाते. मधल्या सुट्टीत मी पहिल्यांदाच ती यादी उघडून पाहिली. बायकांमध्ये पहिला नंबर : झेंडू, ५ मिनिटं १० सेकंद. दुसरा नंबर तिचा, ७ मिनिटं ४० सेकंद. तारीखही होती. त्या दिवशी मला प्रार्थनेला उशीर होत होता, म्हणून मी सायकलची मदत सगळ्यांत वरच्या पायरीवर ठेवली होती!

आता पाटी घ्या, एक गणित करू. एक किलो वजन एक मीटर वर उचलायला साधारण दहा ज्यूल ऊर्जा लागते. मी आणि माझी जड सायकल मिळून ८२ किलो. शंभर मीटर चढायचं म्हणजे ८२ हजार ज्यूल. ते मी ३१० सेकंदांत केलं, म्हणजे सेकंदाला सुमारे २६५ ज्यूल. सेकंदाला एक ज्यूल म्हणजेच एक वॉट, तेव्हा झाले २६५ वॉट. (वारा आणि रस्त्याचं घर्षण मी धरलेलं नाही. मोठ्या मुलांनी धरून पाहावं.) माझे स्वतःचे पाय फार तर ७५ वॉट देत असतील. उरलेले १९० बॅटरीचे. रुपयातले अकरा-बारा आणे तिचे! आणे म्हणजे काय ते आजोबांना विचारा.

आता ताईचं गणित. ती आणि तिची सायकल मिळून ६२ किलो, वेळ ४६० सेकंद. भागाकार केला की सुमारे १३५ वॉट येतात. हे सगळेच्या सगळे तिच्या पायांचे. म्हणजे यादीत दोन नंबरला असलेली ही मुलगी माझ्या जवळजवळ दुप्पट जोर लावत होती, आणि यादी बघणाऱ्याला मात्र वाटत होतं की झेंडू कुणीतरी जबरदस्त सायकलपटू आहे.

त्या रात्री मी भाच्याला फोन केला. कुठे काय दाबायचं ते त्याने सांगितलं. माझ्या सगळ्या नोंदींवरचा 'राइड' हा शब्द बदलून मी 'ई-बाइक राइड' केला. दोन मिनिटांत झेंडूचं नाव त्या यादीतून गेलं आणि ताई पुन्हा पहिली झाली. फोन बाजूला ठेवला आणि वाटलं, सुटले! कुणाला काही कळलंही नाही. झेंडू कोण हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. तुम्हाला खरं सांगते, एक दिवस मी तशीच गप्प बसले. परीक्षेतली कॉपी खोडरबराने पुसून टाकली की संपलं, असं म्हणणाऱ्या मुलांना मी काय काय बोलते ते मला त्या रात्री एकसारखं आठवत होतं.

रविवारी सकाळी तिच्या घरी गेले. ती अंगणात सायकलची साखळी पुसत होती. चहा झाला. मग मी म्हटलं, "अगं, ती झेंडू मीच."

आधी ती खो खो हसली. साहजिकच होतं. साडी नेसून, पुढच्या टोपलीत वह्यांचा गठ्ठा ठेवून जाणारी बाई तिने रोज पाहिलेली! मग हसता हसता तिचा चेहरा उतरला. "बाई, मी तीन आठवडे पहाटे उठून खिंड मारतेय. गुडघे दुखायला लागले. सात चाळीसचं सात तीसही होईना. मला वाटलं आपल्यात तेवढी ताकदच नाही." तिची आई आतून म्हणाली, "सायकलिंगच्या जिल्हा स्पर्धेचा फॉर्म आणलाय, पण भरत नाहीये. म्हणते, गावातल्या खिंडीत हरते, तिथे जाऊन काय करू?"

यावर मी काय बोलणार? नुसतं 'चुकून झालं' म्हणून भागण्यासारखं नव्हतं. चूक माझी आणि तीन आठवडे तिचे. अशा यादीत आपण वर सरकलो की दुसऱ्या कुणाला तरी खाली ढकलतो, आणि तो माणूस आपल्याला दिसत नाही. मला माझा मुकुट दिसलासुद्धा नव्हता, पण तिला रोज तोच दिसत होता.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "बाई, पण मीसुद्धा एक सांगते. माझं सात चाळीस झालं त्या दिवशी पाठीशी जोराचा वारा होता. मग तीही लबाडीच का?" खिंडीत वारा कसा सुसाटतो ते तिथून जाणाऱ्यालाच ठाऊक. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये चिंचोळी वाट, सगळा वारा तिथूनच निघतो. प्रश्न मोठा छान होता. मला लगेच उत्तर सुचलं नाही. घरी येऊन खूप विचार केला, थोडं वाचलं, आणि मला एक जुनी हकिकत सापडली. ती तुम्हालाही आवडेल.

सायकलिंगमध्ये एक तासाचा विक्रम असतो. गोल ट्रॅकवर एकट्याने एक तास सायकल चालवायची आणि किती अंतर कापलं ते मोजायचं. १९७२ साली बेल्जियमच्या एडी मर्क्सने मेक्सिको शहरात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापलं. पुढे नवनव्या सायकली निघाल्या. भरीव चाकं आली, वाऱ्याला कापणारे आकार आले. १९८४ साली इटलीच्या फ्रान्चेस्को मोझरने ५१ किलोमीटर ओलांडले. १९९६ साली इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमनने हात सरळ पुढे पसरून, उडत्या माणसासारखं झोपून सायकल चालवली आणि अंतर गेलं थेट ५६.३७५ किलोमीटरवर. लोक विचारू लागले, हा विक्रम माणसाचा की सायकलीचा?

तेव्हा यूसीआय या सायकलिंगच्या जागतिक संघटनेने २००० साली एक गंमत केली. तिने दोन याद्या केल्या. एका यादीत मर्क्सच्या काळासारखी साधी सायकल, म्हणजे गोल नळ्यांची, तारांच्या चाकांची, वाकड्या हँडलची. दुसऱ्या यादीत बाकीच्या सगळ्या करामती. झालं! बोर्डमनचे ५६ किलोमीटर दुसऱ्या यादीत गेले आणि पहिल्या यादीत २८ वर्षांपूर्वीचा मर्क्स पुन्हा वर आला. बोर्डमन तेव्हा ३२ वर्षांचा होता. त्याने काय करावं? मर्क्ससारखीच साधी सायकल घेतली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मँचेस्टरच्या ट्रॅकवर उतरला. तासाभरात ४९.४४१ किलोमीटर. वजाबाकी करा बघू. फक्त दहा मीटर जास्त! आपल्या वर्गाच्या एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत जेमतेम एवढं अंतर, आणि तेही तासभर जीव काढल्यानंतर. मला तर त्याच्या ५६ किलोमीटरपेक्षा हे दहा मीटरच भारी वाटतात. (पुढे २०१४ साली नियम पुन्हा बदलून एकच यादी केली, पण तो भाग पुन्हा कधीतरी.)

आता बघा, तरीसुद्धा मर्क्स आणि बोर्डमन यांची बरोबरी तंतोतंत झाली नाही. मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचावर आहे. तिथे हवा विरळ, म्हणून सायकलीला अडथळा कमी, पण श्वासालाही हवा कमी. मँचेस्टर सखल भागात. पुन्हा एक शहर बदललं, छप्पर बदललं. काटेकोर बरोबरी कधी होतच नाही. ताईला मी हेच सांगितलं. वारा आज तुझ्या पाठीशी होता, उद्या दुसरीच्या असेल. तो कुणी विकत आणलेला नाही आणि लपवलेलाही नाही. मोटारीचं तसं नाही. ती एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, आणि आहे हे सांगितलं नाही तर यादी वाचणारा फसतो. तिला हे पटलं का? अर्धं पटलं असावं. ती म्हणाली, "तरी वारा नसताना एकदा चढून बघते."

जाणूनबुजून लबाडी करणारेही असतातच, आणि ते आजचे नाहीत. फ्रान्सची टूर द फ्रान्स ही शर्यत १९०३ साली सुरू झाली. दुसऱ्याच वर्षी काही स्पर्धक मधली वाट आगगाडीने आणि मोटारींतून कापतात, अशा तक्रारी झाल्या. चौकशी होऊन पहिल्या चारही जणांना बाद केलं आणि पाचवा आलेला आँरी कोर्ने विजेता ठरला. तो अवघा १९ वर्षांचा होता. त्या शर्यतीचा त्याहून लहान विजेता अजून झालेला नाही. आणि २०१६ साली बेल्जियममध्ये सायक्लोक्रॉस या चिखल-मातीतल्या शर्यतीच्या जागतिक स्पर्धेत एका १९ वर्षांच्या मुलीच्या सायकलीत, सीटखालच्या नळीत, लपवलेली मोटार सापडली. 'सायकल माझी नव्हे, मित्राची,' असं ती म्हणाली. तिच्यावर सहा वर्षांची बंदी आली. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. १९ म्हणजे आपल्या ताईपेक्षा जेमतेम तीन वर्षांनी मोठी.

पण माझ्यासारखे गाफील लोक लबाडांपेक्षा कितीतरी जास्त! शर्यत नाही, बक्षीस नाही, तरी याद्या बिघडवतात. कुणी 'ई-बाइक' लिहायला विसरतो, कुणी सायकल गाडीत टाकून घरी निघतो आणि फोनमधलं बटण बंद करायचं राहून जातं. मग यादीत त्याची सायकल ताशी साठने चढ चढते. २०२५ साली स्ट्राव्हाने आपल्या याद्या संगणकाकडून तपासून घेतल्या, तेव्हा वाहनातल्या किंवा चुकीच्या प्रकारात टाकलेल्या ४४ लाखांवर नोंदी काढाव्या लागल्या. कुणाची नोंद खोटी वाटली तर तिच्यावर झेंडा लावून कळवायची सोयही तिथे आहे. पण झेंडा लावण्याआधी एकदा साध्या शब्दांत विचारून पाहावं असं मला वाटतं. झेंडूला कुणी विचारलं असतं तर तिने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

एवढं वाचून कुणी बॅटरीच्या सायकलीला नावं ठेवणार असेल तर थांबा. गुडघे गेलेले आजोबा, आजारातून उठलेली आई, दहा किलो वह्या नेणारी बाई यांना ती चढावर नेते, आणि पायडल तरीही मारावंच लागतं. ई-सायकलवाल्यांच्या खऱ्या शर्यतीही होतात. २०१९ साली कॅनडात मोंट-सेंट-ॲन इथे डोंगरी ई-सायकलची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तिथे सगळ्यांकडेच मोटार, त्यामुळे भांडण नाही.

पालकांसाठी दोन ओळी. मुलं अशी ॲपं वापरत असतील तर घराजवळचा रस्ता लपवण्याची सोय त्यात सुरू करून द्या. रोज किती वाजता कोण कुठून निघतं ते जगाला कळायचं कारण नाही. आणि उताराच्या याद्यांत मुलांना उतरू देऊ नका. चढावर हरलं तर गुडघे दुखतात, उतारावर काय होतं ते मी लिहीत नाही.

ताईने फॉर्म भरला. शेवटच्या दिवशी, दुपारी. स्पर्धेत ती सातवी आली. तिथल्या मुलींकडच्या सायकली पाहून आल्यापासून घरी तिची नव्या सायकलसाठी भुणभुण चालू आहे, असं तिचा भाऊ सांगतो. वाऱ्याशिवाय खिंड चढायला तिला ७ मिनिटं ५२ सेकंद लागली. तो आकडा तिने वहीत लिहून ठेवला आहे. ॲपमध्ये सात चाळीसच दिसतं.

आणि मी? ई-सायकलच्या यादीत आमच्या खिंडीत मी पहिली आहे! त्या यादीत एकच नाव आहे, ही गोष्ट वेगळी. पण परवा पलीकडच्या गावातल्या दूधवाल्या काकांनी बॅटरीची सायकल घेतल्याचं ऐकलं. ते पहाटे साडेपाचला दोन रिकाम्या किटल्या लटकवून खिंड चढतात. किटल्या भरलेल्या असताना त्यांची माझ्याशी बरोबरी कशी करायची, ते गणित मी अजून मांडते आहे.